पाणघोड्याचा आवाज कोणी नेला

१. रिकामा खण

"रोजे तुमचे आणि कॉफी माझी बंद. हा कुठला न्याय?"

मदाम मरसील लिफ्टमध्ये माझ्या कानाशी पुटपुटत होती. आमची लिफ्ट म्हणजे उभं कपाट. तिघी शिरल्या की एकीने श्वास रोखायचा. मरसील ख्रिस्ती, तिला रोजा नाही. पण आमच्यासमोर पाण्याचा घोट घ्यायचा तरी तिला चोरट्यासारखं होतं. म्हणून रमजानभर ती माझ्या न्हाणीघरात येते, कडी लावते आणि टबाच्या कडेवर बसून कॉफी पिते.

न्हाणीघर स्टुडिओतलं, पण माझं, कारण कार्टूनमधल्या पडण्या-आपटण्याचे आवाज काढायचं माझं काम तिथे चालतं. पाणघोडा नदीत पडला की मी टबात ओली गादी लोटते. माकड झाडावरून घसरलं की कोबीचा गड्डा फरशीवर आपटते. हे मला कोणी शिकवलं नाही. संसारात जे जे पडलं, फुटलं, सांडलं त्याचे आवाज लक्षात राहिले आणि पुढे त्यावरच पोट भरलं. अल्लाहचे उपकार, दुसरं काय.

"ईदला हंडाभर पाजते तुम्हाला," नसमा म्हणाली. श्वास रोखलेली तिसरी ती. आमच्या स्टुडिओत आवाज मुद्रित करायचं काम तिचं. "उद्या दुपारी डिस्क चॅनेलला गेली की मी झोपणार, ती थेट ईदच्या नमाजालाच उठणार."

'नदीकाठचे शेजारी' ही आमची मालिका कैरोत कोणाला सांगावी लागत नाही. रोजा सुटल्याची तोफ झाली, सूर्यास्ताची मगरिबची अजान झाली, पहिला खजूर तोंडात गेला की घराघरांत टीव्हीवर आमची चित्रातली जनावरं बोलायला लागतात. लांब मानेची जिराफीणबाई सित्त नवाइम, हिचा आवाज आमच्या मरसीलचा, सगळ्यांच्या स्वयंपाकघरांत वरून डोकावते. फुलफुल नावाचं माकड न बोलावता लग्नांत जेवतं. आणि नदीत नाकापर्यंत बुडालेला हाज बर्कूक, निवृत्त पाणघोडा, कोणी विचारलेलं नसताना सल्ला देतो. हाज बर्कूकचा आवाज उस्ताद बहगत यांचा, अगदी पहिल्या भागापासून. ते बाजारात नुसते खाकरले तरी भाजीवाला दोन लिंबं जास्त टाकतो.

नसमाने मुद्रणाची खोली उघडली, टेबलाचा खण ओढला आणि तशीच उभी राहिली.

शेवटच्या भागाचे सगळे आवाज एका डिस्कवर होते. काळी, तळहाताएवढी. ती खणात नव्हती.

"दुसरी प्रत असेल ना?" रऊफ बे आतून धावत आला. मालिका त्याची, पैसा तो उभा करतो, संवादही तोच लिहितो, त्यामुळे रागवायचं कोणावर हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही.

"प्रत मी सगळं जुळवून झाल्यावरच काढते. जुळवायचं बाकी होतं."

"मग पुन्हा मुद्रित करू," मी म्हणाले. "माणसं इथलीच आहेत. आज बसलो तर उद्या दुपारपर्यंत होईल."

मला वाटलं, मी शहाणपणाचं बोलले. पण रऊफने छताकडे बघितलं. मरसीलने बांगडी नीट केली. नसमाने रिकामा खण बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला.

"उस्तादांना पुन्हा त्रास नको," रऊफ शेवटी म्हणाला. आणि मग, जणू विषय बदलायला, हळूच: "आणि चोर शोधायची गरज नाही. काल रोजा सुटल्यावर आपण सगळे घरी गेलो. झियाद मात्र परत वर आला होता. दरबानाने पाहिलंय."

२. माकड गप्प बसतं

झियाद म्हणजे फुलफुल माकड. काडीसारखा पोरगा, पण गळ्यात सगळं जंगल. लिफ्टचा, रऊफच्या बायकोचा, खुद्द रऊफचा, कोणाचाही आवाज काढतो. त्याचं लग्न ठरलंय. सासऱ्याने 'माकडाला मुलगी देऊ का' म्हणत नाक मुरडून मुरडून शेवटी हो म्हटलं, ते मालिकेकडे बघून.

तो आला तेव्हा रऊफ मुद्रणाच्या खोलीत खिडकीपाशी पाठ करून उभा होता. मोठं बोलायचं असलं की तो नेहमी खिडकीला सांगतो.

"काल परत का आला होतास?"

"काम होतं."

"कसलं?"

फुलफुल माकडाला मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलेलं पाहिलं.

"मी सांगतो कसलं," रऊफ म्हणाला. "ऐनवेळी डिस्क गायब झाली तर पाणघोड्याचा आवाज कोण काढू शकतं? तूच. रऊफ घायकुतीला येईल आणि हाज बर्कूक तुझ्या पदरात पडेल, असा तुझा हिशोब. आज मगरिबच्या आत डिस्क टेबलावर आली नाही तर उद्यापासून या दारात दिसायचं नाहीस. आणि या शहरात आवाजाचं काम देणारं जे जे दार आहे तिथे तुझं नाव मी स्वतः सांगेन. चोर म्हणून."

इतक्यात दार उघडलं आणि उस्ताद बहगत आत आले. इस्त्रीचा सदरा, काखेत पिशवी, हातात पत्र्याचा डबा. "मुलीने कहक केलेत, साखरेची बिस्किटं," ते प्रसन्नपणे म्हणाले. "ईदच्या आधी हात लावायचा नाही. मरसील, तू लाव, तुला कोण अडवणार."

"उस्ताद, माझ्या छताखाली चोरी झालीये," रऊफ खिडकीला म्हणाला.

"इन्शाअल्लाह, इन्शाअल्लाह," उस्ताद हसून म्हणाले आणि डबा ठेवायला जागा शोधू लागले.

मला राग आला. पोराचं आयुष्य बुडतंय आणि यांना बिस्किटांची काळजी. मग मरसीलने माझा हात दाबला. "वय झालं गं," ती म्हणाली. "जाऊ दे."

तसं वय तर झालंच होतं. मागच्या आठवड्यात मरसीलने विसरून अजानेआधीच खजूर उचलला, तर उस्तादांनीही उचलला आणि सरळ खाऊन टाकला. दिवसभराचा रोजा घटकाभरासाठी गेला. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि मसुराच्या सूपात काहीतरी शोधत बसलो. म्हातारपणी भूक सोसवत नाही, मी मनाशी म्हटलं होतं.

"रऊफ बे," मी म्हणाले, "मगरिबपर्यंत वेळ दिलायस ना? मग तोवर मला सगळ्यांशी बोलू दे. काल रोजा सोडायला मीही होते, हवं तर पहिला संशय माझ्यावर घे."

"तुझ्यावर कसला संशय, इनशिराह. तुला डिस्क कुठून चालू करतात तेही माहीत नाही."

हे खोटं होतं, पण सोयीचं होतं. मी ओढणी सारखी केली आणि खाली दरबानाकडे निघाले. मागून झियाद जिन्यापर्यंत आला. स्टुडिओतली पोरं मला तांत, म्हणजे मावशी, म्हणतात.

"तांत इनशिराह, तू शोधू नकोस," तो हलक्या आवाजात म्हणाला. "देवाशपथ सांगतो, शोधू नकोस. माझं बघून घेईन मी."

३. दरबान काय म्हणाला

दरबान अम्म इद्रीस, म्हणजे सगळ्यांचा इद्रीसकाका, दाराशी बाकावर बसून तस्बीहचे मणी ओढत होता. या इमारतीत कोण कोणाकडे जातं, कोणाकडचा पंखा बिघडलाय, सगळं त्याला ठाऊक.

"आला होता पोरगा," तो म्हणाला. "मी साहेबांना सांगितलं, पण साहेबांनी अर्धंच ऐकलं. तुमच्या साहेबांचं तसंच असतं."

"उरलेलं अर्धं मला सांगा."

"अगं, तो काल आला हे काय नवल? रमजान लागल्यापासून दर थोड्या दिवसांनी येतो. तुम्ही सगळे पांगलात की मागाहून. वर जातो, चांगला वेळ बसतो. उतरताना घसा धरून उतरतो. मी त्याला पुदिन्याचा चहा देतो."

"आणि काल?"

"काल वर गेला नि लगेच उतरला. चहालासुद्धा थांबला नाही. म्हणाला, अम्म, आज काम नाही."

लिफ्ट वर अडकली होती, म्हणून मी जिन्याने चढले. चढताना विचार करायला बरं पडतं. दम लागला की डोक्यात नको ते शिरत नाही. चोराला चोरीच्या रात्री काम असतं. या पोराला नेमकं त्याच दिवशी काम नव्हतं. म्हणजे जे काम करायला तो येत असे ते डिस्कशिवाय होणारं नव्हतं, आणि डिस्क तो यायच्या आधीच गेलेली होती.

तसं असेल तर डिस्क नेणारा काल आमच्याबरोबर जेवायला बसला होता.

मी नसमाला न्हाणीघरात ओढलं आणि कडी लावली. आत मरसील होतीच, कपासकट.

"खोलीला कुलूप असतं," मी नसमाला म्हणाले. "पोरगा सारखा आत कसा जात होता?"

नसमाच्या डोळ्यांत पाणी आलं. "किल्ली मीच दिली होती."

"कशाला?"

"ते मला विचारू नका, तांत."

"त्याला चोर ठरवतायत, पोरी."

"काल डिस्क नव्हती म्हणून तो गेला. त्याला वाटलं मी घरी नेली, मला वाटलं त्याने काम करून ठेवली. आज खण उघडला तेव्हा कळलं दोघांनाही." तिने डोळे पुसले. "पण तो का येतो हे मी सांगणार नाही. आमचं तसं ठरलंय."

मरसील कप खाली ठेवून उठली. "मीही काही सांगणार नाही," ती म्हणाली.

तिला मी काही विचारलंच नव्हतं.

४. कोरडं तोंड, ओलं तोंड

माणसं सांगत नसली तर आवाजांना विचारावं. परवा दाखवलेला भाग माझ्या यंत्रावर होता. मी टबात उशी टाकली, हेडफोन लावले आणि डोळे मिटून फक्त हाज बर्कूक ऐकू लागले.

रमजानात आमचं मुद्रण दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर होतं. तोवर सगळ्यांच्या जिभा टाळूला चिकटलेल्या असतात. शब्द सुटताना तोंडात बारीक टक् वाजतो. नसमा बिचारी सुईने खडे वेचावेत तसे ते टक् वेचते. फक्त पाणघोड्याचे तसेच ठेवते, म्हणते, चिखलातलं जनावर आहे, शोभतं. कधी मागे कोणाचं पोट गुरगुरतं, तेही पाणघोड्याच्या खाती घालते.

"अरे फुलफुल," हाज बर्कूक म्हणाला, टक्, "वरातीत उंटाच्या पुढे चालू नये." पुन्हा टक्. कोरडं तोंड, रोजेदार तोंड. उस्ताद.

मग जिराफिणीने काहीतरी टोमणा मारला आणि हाज बर्कूक उत्तरला: "बाई, मान लांब असली म्हणून अक्कल उंच होत नाही."

मी ते पुन्हा ऐकलं. आणखी एकदा. आवाज तोच, ठसका तोच, पण टक् नव्हता. शब्द तेलावरून घसरावेत तसे येत होते. हे तोंड पाणी प्यायलेलं होतं.

उस्ताद तर रोजा सोडला की लगेच मशिदीत जातात, तरावीहचा रात्रीचा नमाज चुकवत नाहीत. रमजानात त्यांनी संध्याकाळी मुद्रण केल्याचं मला आठवत नव्हतं. मरसीलचं तोंड कॉफीने सदा ओलं, पण ती काही पाणघोड्याच्या आवाजात बोलणार नाही. उरला एकच. सगळे पांगल्यावर येऊन, चांगला वेळ बसून, घसा धरून उतरणारा.

मी कडी काढली. मरसील बाहेरच उभी होती.

"झियाद उस्तादांची वाक्यं पुन्हा बोलत होता," मी म्हणाले. "त्यांच्याच आवाजात. त्यांना न कळता."

"सगळी नाही," मरसील म्हणाली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण बोललो. ती टबाच्या कडेवर बसली. "जी मला सांभाळता येत नाहीत तेवढीच. बाकीची मी सांभाळते. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहते ना मी, गुडघा दुखतो म्हणून? माझा गुडघा देवदयेने ठणठणीत आहे. त्यांची पाळी आली की मी खांदा दाबते."

"पाळी त्यांना कळत नाही?"

"त्यांचं लक्ष नसतं कधीकधी."

दारात येऊन उभी राहिलेली नसमा म्हणाली, "पडदा जरा लांब आहे."

"थकतात हो," मरसील म्हणाली.

मी रऊफकडे गेले. तो अजून खिडकीपाशीच होता. हल्ली हाज बर्कूक इतकं थोडं का बोलतो, मी विचारलं. पूर्वी त्याच्या एका सल्ल्यात चहा निवून जायचा. आता एक लांब जांभई, मग चार शब्द, मग पुन्हा जांभई.

"पाणघोडा आहे तो, वकील नाही," रऊफ म्हणाला. मग, काचेकडेच बघत: "जांभईत कितीही वेळ गेला तरी चालतो, इनशिराह. उशिरा सुरू केलं तरी कोणाला कळत नाही."

म्हणजे हाही. एकेकटा, एकमेकांपासून लपवून, प्रत्येक जण त्या म्हाताऱ्याच्या पायाखाली एकेक वीट सरकवत होता. आणि प्रत्येकाकडे एक कारण होतं: वय, लक्ष, पडदा, थकवा. खरं कारण तेवढं कोणाकडेच नव्हतं.

खालच्या गल्लीत फळवाला शेवटच्या गिऱ्हाइकांना हाका मारत होता. सूर्य पलीकडच्या गच्चीवर टेकला होता.

५. ज्याला धक्का बसला नाही

मी टबात पाय सोडून बसले आणि दुपार पहिल्यापासून आठवली.

डिस्क गेली हे ऐकून रऊफ धावला. नसमाचा रंग उडाला. मरसील बांगडी नीट करत राहिली. झियाद गप्प झाला. चोरी झाली की प्रत्येकाचं काहीतरी होतंच. ज्याने केली तोसुद्धा निदान तोंड पाडायचं नाटक करतो.

एकाच माणसाला काही झालं नाही. तो डबा ठेवायला जागा शोधत होता आणि रऊफच्या पाठीकडे बघून 'इन्शाअल्लाह' म्हणत होता. पाठीला ओठ नसतात.

आणि मग तो खजूर आठवला. टेबलाभोवती अजानेची वाट बघत सगळे कान टवकारून बसलेले असताना एकच माणूस कानाने वाट बघत नव्हता. तो हातांकडे बघत होता. पहिला हात हलला, तो नेमका जिला रोजाच नाही तिचा, आणि हा फसला. भूक अनावर झाली म्हणून नव्हे. अजान झाली की नाही हे त्याला एरवी कळणार कसं?

मी हे मनातसुद्धा पुरतं म्हटलं नाही. मीही त्यांच्यातलीच.

डिस्क चोरणाऱ्याने ती लपवली असती. पण ज्याला वाटत असेल की डिस्क कोणी शोधतच नाहीये, तो ती पिशवीत घालून सरळ घेऊन येईल, आणि परत खणात ठेवायला खोलीत कोणी नसेल अशी वेळ बघत बसेल. आज दुपारपासून रऊफ त्या खोलीतल्या खिडकीपासून हललाच नव्हता.

पण नेली कशाला? ते मला कळेना. आणि हेही कळेना की सगळ्यांसमोर विचारायचं कसं. मोठ्याने विचारलं आणि त्यांनी हसून 'इन्शाअल्लाह' म्हटलं, तर जे सगळ्यांनी इतकी मेहनत करून झाकलं ते मी भर टेबलावर उघडं करणार.

"तांत," नसमाने हाक मारली, "चला. वेळ होत आली. रऊफ बे झियादचं जाकीट घेऊन उभे आहेत."

६. टेबल

टेबलावर सूप होतं, खजूर होते, जर्दाळूचं सरबत होतं, आणि कोणाचंही त्याकडे लक्ष नव्हतं. टीव्हीवर अजानेआधीचं पठण चालू होतं. झियाद जाकीट घालून दाराशी उभा होता. उस्ताद आपल्या नेहमीच्या खुर्चीवर, पिशवी मांडीवर.

"वेळ संपली," रऊफ झियादला म्हणाला. "डिस्क आहे का?"

"नाही."

मी उस्तादांच्या समोरची खुर्ची ओढली, मरसीलच्या शेजारची, आणि बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे फार चांगले आहेत, कोणी बोलायला लागलं की ते त्याच्या तोंडावर असे स्थिरावतात की बोलणाऱ्याला वाटावं, आपल्याइतकं महत्त्वाचं जगात कोणी नाही. इतकी वर्षं मला तो त्यांचा अदबशीरपणा वाटत होता.

मी आवाज काढला नाही. घशातून श्वाससुद्धा सोडला नाही. फक्त ओठ हलवले, सावकाश: काळी डिस्क तुमच्या पिशवीत आहे का?

"हो तर," उस्ताद बहगत खणखणीत म्हणाले. "माझ्याकडेच आहे. का, कोणी शोधत होतं का?"

खोलीत सगळे त्यांच्याकडे वळले. रऊफला वाटलं, मी हळू आवाजात काही विचारलं असेल. मरसील मात्र माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती. तिला माहीत होतं की मी काहीच विचारलं नव्हतं. तिने ओठ घट्ट मिटले.

उस्तादांनी रुमालात गुंडाळलेली डिस्क काढून टेबलावर ठेवली. "काल जाताना खण उघडा दिसला. विचारायला हवं होतं, माझी चूक. आज परत ठेवणार होतो, पण रऊफ त्या खिडकीपासून हलेचना."

आणि मग आम्ही सगळ्यांनी तेच केलं जे आम्हाला येतं.

"गैरसमज झाला," रऊफ म्हणाला.

"माझाच खण उघडा राहिला," नसमा म्हणाली.

"झालं ते झालं, सूप निवतंय," मरसील म्हणाली.

इतकं पटकन सगळं गुंडाळलं जात होतं की मला वाटलं, सुटलो. पण रऊफ हा लेखक आहे. सुटलेला धागा त्याला बघवत नाही. तो पुन्हा झियादकडे वळला.

"मग तू दर थोड्या दिवसांनी वर येऊन करत काय होतास? दरबानाला मी पुन्हा विचारलंय. किल्ली लावून, मला न सांगता? चोरून माझा पाणघोडा पाठ करत होतास? उस्तादांची जागा कधी रिकामी होतेय याची वाट बघत?"

झियादने मान खाली घातली. बोलला असता तर त्याची नोकरी वाचत होती, लग्न वाचत होतं. तो बोलला नाही. नसमाने तोंड उघडलं आणि मिटलं. मी उघडलंच नाही. ती गोष्ट माझी नव्हती.

"रऊफ," उस्ताद म्हणाले, "इकडे बघून बोल. त्या पोराला काय म्हणालास?"

रऊफ वळला. उस्तादांसमोर तेच पुन्हा म्हणायचं त्याला जमेना. पण चेहऱ्यावर ते होतंच, आणि झियादचं जाकीट होतं, दाराच्या मुठीवरचा त्याचा हात होता. उस्तादांनी एकेकाकडे बघितलं. आवाज बाजूला केला तर माणसं फार नीट वाचता येतात, असं दिसलं.

"याला काढताय?" ते म्हणाले. "माझ्यामुळे?"

त्यांनी डिस्क टेबलाच्या मध्यावर सरकवली.

"डिस्क का नेली ते ऐका. परवा टीव्हीवर आपला भाग लागला होता. नात मांडीवर होती. मध्येच म्हणाली, आजोबा, हे तुम्ही नाही, हे फुलफुलकाका आहेत. आणि हसली. तिला वाटलं आम्ही गंमत करतो. मला झोप लागली नाही. म्हणून मी खरं काय ते बघायला डिस्क नेली. नातीने ती तिच्या यंत्राला लावली, ऐकली. म्हणाली, यात पाणघोडा सगळीकडे तुम्हीच आहात आजोबा, पण दुसरे बोलत असताना तुम्ही मध्येच बोलता. कधी सगळ्यांचं बोलून झाल्यावर बोलता."

त्यांनी रुमालाची घडी घातली.

"टीव्हीवर तर माझा बर्कूक कधी चुकत नाही, असं तीच सांगते. मग मी बसून विचार केला. मरसीलचा गुडघा फक्त मुद्रणाच्या वेळीच का दुखतो. रऊफला चार शब्दांच्या वर काही सुचेनासं का झालं. नसमा माझ्या कामानंतर घरी जाताना इतकी दमलेली का असते. मी समजत होतो, मी पोहतोय. पाणघोडा पोहत नाही, बाबांनो. तो तळाला पाय टेकून चालतो. माझा तळ तुम्ही होतात."

रऊफ खाली बसला. त्याच्या लांब जांभयांचं रहस्य असं सगळ्यांसमोर फुटेल हे त्याने कधी लिहिलं नसतं. त्याने झियादकडे बघितलं आणि मग टेबलाकडे. "जाकीट काढ," तो कसाबसा म्हणाला. "बस. शेवटच्या भागात आता कोणी किती बोलायचं ते आज बसून ठरवायचंय."

पण उस्ताद अजून थांबले नव्हते. ते खुर्ची मागे सारून उठले, झियादपाशी गेले आणि त्याचा चेहरा आपल्याकडे वळवून धरला, लहान मुलाचा धरावा तसा.

"मी आज आभार मानायला आलो होतो. सगळ्यांचे, पण पहिले तुझे. तू माझ्या आवाजात बोललास आणि माझं नाव मोठं केलंस, स्वतःचं बुडायला आलं तरी. अल्लाह तुला माझ्याहून चांगला पाणघोडा करो. पण आभार मानायचे तर कशाबद्दल तेही सांगावं लागतं, आणि तिथे येऊन माझी जीभ अडते. बरेच दिवस अडतेय."

"नका सांगू, उस्ताद," मरसील माझ्या शेजारून म्हणाली. "आमचं काही अडलं नाही. कधीच अडणार नाही."

त्यांची पाठ तिच्याकडे होती. ते झियादकडेच बघत राहिले.

"पोरा," ते म्हणाले, "मला ऐकू येत नाही."